अस्वल जपानी की कोरियन?

माझ्या टेबलावर आत्ता स्टिकरची तीन पाकिटं आहेत आणि तिन्हींवर एकेक गुबगुबीत तपकिरी अस्वल आहे. पहिलं लोळतंय, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही, तिसऱ्याला जाडजूड भुवया आहेत. नवखं कुणीही या तिघांना ‘जपानी क्यूट’ म्हणून एकाच डब्यात टाकेल. मीही कितीतरी दिवस तेच करत होते. प्रत्यक्षात लोळणारा रिलाक्कुमा जपानी, मख्ख चेहऱ्याचा ब्राउन कोरियन, आणि भुवयावाला रायन कोरियन तर आहेच, पण तो मुळात अस्वलच नाही. तो आयाळ नसलेला सिंह आहे.

गंमत अशी की तिघांच्या जन्मकथेतच दोन्हीकडच्या स्टेशनरीतला फरक दडलाय. रिलाक्कुमा २००३ साली सान-एक्स कंपनीने आणला. ही कंपनी १९३२ पासूनची आणि मूळची स्टेशनरीवाली, म्हणजे हे अस्वल कागदाच्याच घरात जन्मलं. रायन आला २०१६ मध्ये, काकाओटॉक या मेसेजिंग अ‍ॅपच्या इमोटिकॉनमधून. ब्राउन त्याच्याही आधीचा, लाइन या अ‍ॅपमधला. लाइन २०११ मध्ये जपानात सुरू झालं, पण ते करणारी जपानी कंपनी तेव्हा नेव्हर या कोरियन कंपनीची होती, आणि चित्रं कोरियन चित्रकाराची. ब्राउनचं माहेर कोरियात, संसार जपानात. तर जपानी पात्रं बहुधा वहीवरून पडद्यावर गेली, आणि कोरियातली ही दोघं फोनवरून वहीवर उतरली.

गोंधळ व्हायला नावही मदत करतं. स्टेशनरीला जपानीत ‘बुनबोगु’ म्हणतात, कोरियनमध्ये ‘मुनबांगू’. तीच तीन चिनी अक्षरं, उच्चार फक्त वेगळे. अर्थ साधारण ‘अभ्यासिकेतली अवजारं’. कोरियात मात्र शाळेजवळच्या त्या छोट्या दुकानालाही मुनबांगूच म्हणतात, जिथे पेन्सिलीबरोबर खाऊ आणि खेळणीही मिळतात.

मग ओळखायचं कसं? लिपी बघा, असं सगळे सांगतात. अक्षरात सुटे गोल आणि सरळ रेघा दिसल्या की ती हंगुल, म्हणजे कोरियन. पण कोरियन डायऱ्यांवर बरेचदा हंगुलचं एक अक्षरही नसतं, नुसती इंग्रजी वाक्यं असतात. म्हणून मी पाकीट उलटं करून बारकोड बघते. सुरुवातीला ४५ किंवा ४९ असेल तर कंपनी जपानात नोंदलेली, ८८० असेल तर दक्षिण कोरियात. माल कुठल्या कारखान्यात तयार झाला ते यातून कळत नाही, तेवढं लक्षात ठेवायचं. आणि बारकोडच नसेल तर? तर बहुधा एखाद्या एकट्यादुकट्या चित्रकाराने छापून घेतलेला माल आहे, आणि खरी मजा तिथेच सुरू होते.

मी पहिल्यांदा असा कोरियन स्टिकरचा गठ्ठा मागवला तेव्हा नखं झिजवली, पण एक स्टिकर सुटेना. चित्रं सुंदर, पण कागद सलग. कुठे काप म्हणून नाही. सदोष माल आला असं समजून दुकानाला जरा झणझणीत निरोपही धाडला. उत्तर फार नम्र आलं: ताई, हे ‘इन्स’ आहेत, कात्रीने कापायचे असतात. इन्स म्हणजे ‘इन्श्वेसो स्टिकर’ याचं लघुरूप, छापखान्यातला स्टिकर. चित्रकार थेट छापखान्यातून ताव छापून घेतो, स्टिकर कापायच्या साच्याचा खर्च वाचतो, आणि कडेने कापायचं काम गिऱ्हाइकाकडे येतं. मी वैतागले होते. तिकडच्या मुली मात्र त्या कापण्यातच रमतात.

या सगळ्याला कोरियात ‘दाक्कू’ म्हणतात. ‘डायरी सजवणं’ या दोन कोरियन शब्दांची पहिली-पहिली अक्षरं जोडून झालेला शब्द. दाक्कूवाल्यांची स्वतःची बोलीच आहे. ‘तॉक-मेमोजी’ हा माझा लाडका शब्द. तॉक म्हणजे तांदळाची वडी, आणि वडीसारखा जाडसर दिसणारा सुट्या कागदांचा गठ्ठा म्हणजे तॉक-मेमोजी. एका कडेला नुसता डिंक, मागे गोंद नाही. पोस्ट-इट समजून घेतलात तर भिंतीवरून खाली पडेल. तो फाडायचा, मोडायचा, पानावर पार्श्वभूमी म्हणून चिकटवायचा.

माझ्या मते दोन्हींतला मुख्य फरक इथे आहे. जपानी वस्तू हातात येते ती पूर्ण होऊन येते. तिचं एक नेमकं काम असतं, ते चोख झालेलं असतं, आणि गोंडसपणा त्यावर चढवलेला असतो. कोरियन वस्तू बरेचदा मुद्दाम अर्धी असते. ती पूर्ण व्हायची तुमच्या पानावर. म्हणून कोरियन स्टिकरचं एकच पाकीट घेऊन काही होत नाही, आणि खिसा रिकामा होतो तो तिथेच. अपवाद दोन्हीकडे ढीगभर आहेत, पण खरेदी करताना हा ठोकताळा मला सहसा दगा देत नाही.

जपानी बाजूचं उदाहरण म्हणून पेन घ्या. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी मुळाची अक्षरं, त्यांत रेघांची गर्दी असते, काही अक्षरांत तर वीसहून जास्त. त्या लहान चौकटीत मावायच्या तर टोक बारीक हवं, म्हणून ०.३८ आणि ०.२८ मिलिमीटरची जेल पेनं तिकडे चैन नाही, गरज आहे. जेल पेन हा प्रकारच मुळात ओसाकाच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये बाजारात आणला. पायलट कंपनीच्या फ्रिक्शन या खोडता येणाऱ्या पेनाची शाई घासल्याच्या उष्णतेने, साधारण ६० अंशांना, रंगहीन होते, आणि उणे २० पर्यंत गार केली की परत दिसू लागते. टोपीवर अस्वलाचं तोंड असलं तरी आत एवढं रसायनशास्त्र भरलेलं असतं. आणि गोंडसपणाचा उगमही लिहिण्याशी जोडलेला आहेच: १९७० च्या दशकात जपानी शाळकरी मुली बारीक शिशाच्या पेन्सिलींनी फुगीर, गोलगोल अक्षरं काढू लागल्या, मध्ये बदाम-चांदण्या पेरू लागल्या. वाचता येईना म्हणून काही शाळांनी त्या अक्षरावर बंदी घातली.

कोरियन पेनांत मोनामी १५३ हे नाव मोठं, पण ते गोंडस अजिबात नाही. १९६३ पासूनचं पांढरं-काळं सरळसोट बॉलपेन. नावातले १५ म्हणजे तेव्हाची किंमत १५ वॉन, आणि ३ म्हणजे कंपनीचं तिसरं उत्पादन. २०१९ मध्ये कोरियात जपानी मालावर बहिष्काराची लाट आली तेव्हा याच मोनामीचे शेअर वधारले. आपलं पेन कुठलं, हे तिकडे लोकांना नीट ठाऊक असतं.

चिकटपट्टीचं प्रकरण मात्र खरंच गुंतागुंतीचं. वॉशी टेप, म्हणजे सजावटीची कागदी चिकटपट्टी, जपानी, यात वाद नाही. ओकायामा प्रांतातल्या कुराशिकी शहरातली कामोई ही कंपनी १९२३ मध्ये माश्या पकडायचा चिकट कागद करण्यासाठी निघाली, पुढे रंगकामाच्या मास्किंग टेपकडे वळली. २००६ मध्ये त्या टेपच्या प्रेमात पडलेल्या तीन बायकांनी कारखाना बघू द्या म्हणून विचारलं, आणि त्यातून ‘एमटी’ ही रंगीबेरंगी टेप जन्माला आली. मास्किंग टेपला जपानी मुली ‘मासुते’ म्हणतात आणि कोरियन मुली ‘माते’. एकाच इंग्रजी नावाची दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी केलेली काटछाट. पण वापर बघा. कामोईच्या टेपवर पट्टे, ठिपके, एकसारखी नक्षी. तुकडा कुठूनही फाडा. कोरियन चित्रकारांच्या टेपवर बरेचदा सुटी चित्रं असतात, ती कापून स्टिकरसारखी लावायची. शिवाय अख्खा रोल परवडत नसेल तर थोडी-थोडी लांबी मेणकागदासारख्या गुळगुळीत कागदावर चिकटवून विकतात. त्याला म्हणतात ‘सोबुन’, म्हणजे छोटे वाटे. मी रोल घेणं त्यामुळेच सोडलं. एक रोल संपायला दोन वर्षं लागतात.

डायरी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा, कारण इथे चुकलात तर वर्ष वाया. जपानी शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, म्हणून तिकडे बऱ्याच डायऱ्या जानेवारी आणि एप्रिल अशा दोन आवृत्त्यांत निघतात. होबोनिची तेच्चो या जपानी डायरीचंही तसंच. कोरियात शाळा मार्चमध्ये सुरू होतात. तिथल्या विद्यार्थ्यांचा ‘टेन मिनिट’ प्लॅनर बघण्यासारखा: प्रत्येक तासाची एक ओळ, ओळीत सहा चौकटी, दर दहा मिनिटांच्या अभ्यासाला एक चौकट हायलायटरने रंगवायची. रंग गोड, पण मागे नोव्हेंबरच्या प्रवेश परीक्षेची धाकधूक. जपानी बी५ आकाराच्या वहीचं कव्हर वेगळं घेणार असाल तर मोजून घ्या; जपानी बी५ म्हणजे १८२ बाय २५७ मिलिमीटर, आंतरराष्ट्रीय बी५ फक्त १७६ बाय २५०.

आणि माझ्यासारख्यांसाठी कोरियन ‘मान्न्यॉन’ डायरी. तारखा छापलेल्या नसतात, कधीही सुरू करा. मान्न्यॉन म्हणजे दहा हजार वर्षं. फाउंटन पेनच्या नावातही दोन्ही भाषांत हाच शब्द आहे, जपानीत मान्नेनहित्सु, कोरियनमध्ये मान्न्यॉनपिल. दहा हजार वर्षांची ही माझी तिसरी डायरी. आधीच्या दोन फेब्रुवारीतच थांबल्या.