सात मजल्यांचा पाइप उन्हात किती वाढतो?

आमच्या नेरूळच्या सोसायटीत बाहेरच्या भिंतीवरचे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) डाउनटेक, म्हणजे घराघरातलं सांडपाणी खाली नेणारे उभे पाइप, काढून पीव्हीसीचे बसवले आणि दुसऱ्याच उन्हाळ्यानंतर चौथ्या मजल्यावरच्या एका घरात ओल आली. भिंत उघडली तर पाइप ठणठणीत. घरातला आडवा पाइप जिथे डाउनटेकला मिळतो, त्या टीला, म्हणजे तीन तोंडांच्या जोडाला, मात्र केसाएवढी चीर गेली होती. सभेत लगेच दोन मतं झाली. जुनी मंडळी म्हणाली, बीड ते बीडच. बाकीचे म्हणाले, कंत्राटदाराने हलका माल लावला. पण माल मानांकनाचा होता. आयएस १३५९२ या भारतीय मानकात या पाइपांचे दोन प्रकार आहेत: पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी 'ए', मैल्यासाठी आणि सांडपाण्यासाठी 'बी'. ११० मिमीच्या पाइपात 'ए'ची भिंत किमान २.२ मिमी जाड असते, 'बी'ची ३.२ मिमी. आमच्याकडे 'बी'च होता.

गडबड सांध्यात होती. या पाइपांच्या सॉकेटमध्ये, म्हणजे पुढचा पाइप ज्यात शिरतो त्या रुंद तोंडात, रबर रिंगसाठी खाच असते. आमच्या खाचा रिकाम्या होत्या आणि प्रत्येक सांधा सोल्युशन (पाइप चिकटवायचा द्रव) लावून पक्का चिकटवलेला होता. प्लंबरच्या मते त्याने काम जास्त मजबूत केलं होतं.

आता हिशेब पाहा. तापमान एक अंशाने वाढलं की एक मीटर पीव्हीसी सुमारे ०.०७ मिमी लांबतं. ऐकायला काहीच नाही. पण जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात तापलेला पाइप यांत ४० अंशांचा फरक धरा आणि सात मजल्यांची २१ मीटर उंची धरा. गुणाकार येतो जवळजवळ ५९ मिमी, म्हणजे सहा सेंटिमीटर. बिडाचा तेवढाच पाइप जेमतेम ९ मिमी वाढेल. सांधे चिकटवले की सात मजल्यांचा मिळून एकच अखंड दांडा होतो. तो वाढणारच आणि वाढताना प्रत्येक मजल्यावर भिंतीत अडकलेल्या टीला ओढणार. रिंग असेल तर हीच वाढ प्रत्येक सांध्यात आठ-आठ मिमी वाटली जाते. म्हणून पाइप सॉकेटमध्ये पूर्ण आत ढकलून पुन्हा सुमारे १० मिमी बाहेर ओढायचा असतो. सॉकेटजवळचा क्लॅम्प घट्ट, मधला सैल, म्हणजे पाइपाला सरकायला वाट राहते.

तरीही बिडाची बाजू घेणारे अगदीच चुकत नव्हते. बिडाची घनता पीव्हीसीच्या पाचपट आणि जड भिंत आवाज अडवते. वरच्या घरातला फ्लश खालच्या बेडरूममध्ये ऐकू येऊ लागला, तो पाइप बदलल्यानंतरच. आगीतही बीड टिकतं. पीव्हीसी वितळून स्लॅबला भोक उरतं आणि धूर वरच्या मजल्यावर जातो, म्हणून उंच इमारतींत स्लॅबपाशी पाइपाभोवती खास कॉलर बसवतात. उष्णतेने ती फुगते आणि भोक बुजवते.

मग बीड काढलं कशाला? खाडीच्या खाऱ्या हवेने ते गंजतं म्हणून. शिवाय पाइपाची भिंतीकडची बाजू रंगाऱ्याच्या ब्रशला कधीच लागत नाही. बीड गंजण्याची एक फसवी तऱ्हाही आहे. त्यातलं लोखंड हळूहळू निघून जातं आणि ग्रॅफाइटचा सांगाडा मागे राहतो. आकार जसाच्या तसा, रंगही जागेवर, पण चाकूने खरवडलं की पेन्सिलच्या शिशासारखा भुगा पडतो. आमच्या तळमजल्यावरचा एक तुकडा मी हाताने मोडला आहे. त्यात न्हाणीत ओतलेलं ॲसिड बिडाला खातं. पीव्हीसीला त्याचं काही नाही, त्याला भीती उकळत्या पाण्याची, कारण ८० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. मोदकपात्रातलं पाणी सिंकमध्ये ओतताना सोबत नळ सोडावा.

घोडबंदर रोडच्या तीस मजली टॉवरबद्दल लोक विचारतात, एवढ्या उंचीवरून पडणारं पाणी पाइप फोडत नाही का? उभ्या पाइपात पाणी दगडासारखं पडत नाही. ते भिंतीला चिकटून पातळ थरात उतरतं, मधोमध हवेची पोकळी राहते. एक-दोन मजल्यांतच भिंतीचं घर्षण आणि गुरुत्वाकर्षण यांची बरोबरी होते आणि वेग सेकंदाला साधारण ३ ते ५ मीटरवर स्थिरावतो. तिसाव्या मजल्याचं पाणी तळाशी पोचतं ते पाचव्या मजल्याच्या पाण्याच्याच वेगाने. खरी कसोटी तळाच्या वळणावर लागते. पाणी आडवं होताच मंदावतं, साचतं, हवेचा दाब वाढतो आणि तळमजल्याचे ट्रॅप, म्हणजे न्हाणी-सिंकखालची पाणी धरून ठेवणारी वळणं, बुडबुडायला लागतात. म्हणून तिथे काटकोनी एल्बो नको, ४५ अंशांचे दोन बेंड हवेत आणि तळमजल्याची जोडणी स्वतंत्र हवी. ट्रॅपमधलं ५० मिमी पाणी हीच घर आणि गटार यांच्यामधली भिंत आहे. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्स या श्वसनरोगाची लागण ३०० हून अधिक जणांना झाली, तेव्हा संशय आला तो कोरड्या पडलेल्या न्हाणी ट्रॅपवर.

जमिनीखाली मात्र निवडीचे नियम पालटतात. तिथे ऊन नाही, पण मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, पाइपाच्या वरच्या ओलसर भागात जिवाणू त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करतात आणि काँक्रीटचा पाइप वरून झिजत जातो. भाजलेल्या मातीच्या चकचकीत स्टोनवेअर पाइपाला हे ॲसिड काही करू शकत नाही. त्याचं दुखणं वेगळं आहे. खाडीकाठचा चिखल भरावाच्या भाराने वर्षानुवर्षं दबत राहतो. पाइल्सवर, म्हणजे खोल रोवलेल्या खांबांवर, उभी इमारत जागची हलत नाही, भोवतालचं अंगण खचतं. इमारतीतून पाइप जिथे बाहेर पडतो, नेमका तिथेच तो कातरला जातो. सिमेंटने भरलेला सांधा तडकतो आणि त्या ओलाव्याच्या मागे पिंपळाची मुळं आत शिरतात. अशा जमिनीत पाइप कुठलाही घ्या, पण सांधा लवचिक हवा आणि भिंतीलगतचा पहिला तुकडा आखूड हवा, म्हणजे तो थोडा कलू शकतो.

आमचा डाउनटेक आम्ही पुन्हा खोलला. पाइप तेच ठेवले, चिकटवलेले सांधे कापून काढले, नवी सॉकेटं लावली, रिंगा घातल्या. पाइप पूर्ण आत असताना प्लंबरने सॉकेटच्या तोंडाशी मार्करची रेघ मारली आणि मग तो १० मिमी मागे ओढला. तळमजल्यावरची ती रेघ मी येता-जाता बघते. मे महिन्यात दुपारी ती सॉकेटला जवळजवळ टेकते. डिसेंबरात पहाटे पुन्हा बाहेर आलेली असते.