लांबच्या वाटेने लवकर सॅन फ्रान्सिस्को

दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्को किती दूर? सरळ अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर पावणेचौदा तास. गणित बरोबर आहे, फक्त विमान त्या वाटेने जात नाही.

ही ‘सरळ’ वाट भिंतीवरच्या नकाशात दिसतच नाही. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की तो तिबेट आणि सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरापर्यंत चढतो आणि अलास्कामार्गे खाली उतरतो. अडचण तिबेटची. केबिनमधला हवेचा दाब गेला तर वैमानिकाला विमान झटपट तीन हजार मीटरपर्यंत खाली आणावे लागते, आणि तिथे जमीनच साडेचार हजार मीटरवर!

एअर इंडिया आधी युरोप आणि अटलांटिकवरून जायची. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने दिशाच उलटी केली. चीन, जपान, मग प्रशांत महासागर असा १५,३०० किलोमीटरचा फेरा. अंतर १,४०० किलोमीटरने वाढले, तरी प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, म्हणजे आधीपेक्षा लवकर. भागाकार करून पाहा, सरासरी वेग ताशी १,०५५ किलोमीटर येतो. बोइंग ७७७ स्वतःच्या बळावर एवढे पळत नाही. वरचे दीडशे किलोमीटर वाऱ्याचे.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हवेचा अरुंद, वेगवान पट्टा. जपानवर तो विशेष जोरकस असतो, हिवाळ्यात तर ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातला फरक हिवाळ्यात वाढतो, म्हणून जोरही वाढतो. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. पण अहवाल लिहिला एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत, त्यामुळे जगाने तो फारसा वाचलाच नाही. १९४४मध्ये जपानवर बाँब टाकायला गेलेल्या अमेरिकन वैमानिकांना या वाऱ्याने चांगलेच हैराण केले.

‘पृथ्वी खालून फिरते, म्हणून एका दिशेला कमी वेळ लागतो’ हे स्पष्टीकरण अजूनही मोठ्या आत्मविश्वासाने ऐकवले जाते. ते चूक आहे. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि हवेबरोबर विमानही. पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे तो वाऱ्यांना पूर्वेकडे वळवण्यात.

परतीला मात्र अटलांटिकचीच वाट कायम ठेवली, कारण त्या बाजूनेही पूर्वेकडेच उडायचे होते. जाऊन-येऊन अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा, दोन्ही वेळा वारा पाठीशी. जाताना वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडावी लागते आणि तारीख एक दिवस मागे येते. म्हणून पहाटे दिल्ली सोडलेला प्रवासी साडेचौदा तासांनी उतरतो, तेव्हा तिथे त्याच दिवसाची सकाळ असते.