बी.पी.ची गोळी चालू असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

"बी.पी. नॉर्मल आलंय, आता गोळी बंद केली तर चालेल ना?" आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे नेहमी विचारलं जातं. नाही चालणार. नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच. ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन मनाने थांबवली की दाब पुन्हा चढतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. ना डोकं दुखतं, ना चक्कर येते. हृदय, मेंदू आणि किडनी मात्र सोसत राहतात.

गाडी लावून घाईघाईत आलात आणि लगेच दंडाला पट्टा बांधला, तर येणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. चहा, तंबाखू किंवा व्यायाम झाल्यावर अर्धा तास जाऊ द्या. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. हात टेबलावर, छातीच्या पातळीत. मोजताना बोलू नका. मिनिटभराने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहून ठेवा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्टा दाब उगाच जास्त दाखवतो.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तर डॉक्टर उच्च रक्तदाब धरतात. काहींचा दाब दवाखान्यातच वाढतो, म्हणून घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजायला सांगतात. घरच्या मोजणीची मर्यादा 135/85.

ॲम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात, रामिप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो. असं झालं तर डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून मिळते. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलबद्दल लगेच डॉक्टरांना विचारा. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक मागताना बी.पी. आहे हे आम्हालाही सांगा. त्याने दाब वाढतो.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा. पापड, लोणचं, शेव, सुकट त्यातच धरा. सैंधवही मीठच आहे. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळे किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टन वा रामिप्रिल घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं: यातलं काही झालं तर आकडा कितीही असो, दुकानात येऊ नका, 108 ला फोन करा. त्रास काहीच नाही पण आकडा 180/120 च्या वर आहे, तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जास्तीची गोळी मनाने घेऊ नका.