द एअर्स

‘द एअर्स’ ही दक्षिण कोरियातील एसबीएस वाहिनीवर 9 ऑक्टोबर ते 12 डिसेंबर 2013 या काळात, दर बुधवारी आणि गुरुवारी रात्री दाखवली गेलेली 20 भागांची मालिका. मूळ कोरियन नाव ‘सांगसोकजादुल’, म्हणजे वारसदार. नावाच्या आधी एक लांबलचक ओळ येते : मुकुट घालू पाहणाऱ्याने त्याचे ओझे सोसावे. लेखिका किम उन-सुक. दिग्दर्शन कांग शिन-ह्यो आणि पू सुंग-छल यांचे. ली मिन-हो, पाक शिन-हे आणि किम वू-बिन हे तिघे मुख्य भूमिकांत आहेत. पहिल्या भागाला जेमतेम 11-12 टक्के प्रेक्षक मिळाले होते. शेवटच्या भागापर्यंत हा आकडा 25 टक्क्यांच्या वर गेला.

बहुतेक प्रेक्षकांना ही मालिका गरीब मुलगी आणि श्रीमंत मुलगा यांची प्रेमकथा म्हणून आठवते. तशी ती आहेच. पण तिच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे आणि ती जास्त टिकाऊ आहे : पैशाने उभी केलेली एक शाळा, त्या शाळेतली उतरंड, आणि त्या उतरंडीच्या तळाशी बसलेल्या मुलांना रोज जे सोसावे लागते ते.

जेगुक हायस्कूल

‘जेगुक’ या शब्दाचा अर्थ साम्राज्य. मालिकेत हे एका उद्योगसमूहाचे नाव आहे आणि त्याच समूहाने चालवलेल्या शाळेचेही. शाळेच्या संस्थेची अध्यक्ष जोंग जी-सुक ही समूहाचे प्रमुख किम नाम-युन यांची कायदेशीर पत्नी. म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीपासून मैदानापर्यंत सगळे एकाच घराच्या मालकीचे. तिथे एखाद्या मुलाने तक्रार करायची तरी कुणाकडे, हा प्रश्न पहिल्यापासूनच निकालात निघालेला असतो.

या शाळेत विद्यार्थ्यांचे चार थर मानले जातात. सर्वांत वर ज्यांना पुढे कंपनी चालवायची आहे ते, व्यवस्थापनाचे वारस. त्यांच्याखाली ज्यांच्या नावे मोठा भागभांडवली हिस्सा आहे ते, समभागांचे वारस. तिसरे मानाचे वारस : मंत्री, न्यायाधीश, सरकारी वकील अशांची मुले, ज्यांच्या घरी पैसा तुलनेने कमी पण वजन मोठे. आणि चौथा थर सामाजिक सवलतीतून प्रवेश मिळालेल्यांचा. पहिल्या तीन थरांच्या नावात ‘वारस’ हा शब्द आहे, चौथ्याच्या नावात नाही. मुलाचे गुण, त्याचा स्वभाव, त्याची हुशारी यांना या यादीत कुठेच जागा नाही. जुन्या काळच्या वतनासारखे हे आहे. जन्मतःच पदरात पडते आणि त्यावर कुणी दाखला मागत नाही.

चौथ्या थरातल्या मुलांना ‘साबेजा’ म्हणतात. हा मालिकेने घडवलेला शब्द नाही. कोरियात 1974 पासून सेऊल आणि बुसानपासून सुरुवात करून हायस्कूलांच्या प्रवेशपरीक्षा बंद करण्यात आल्या, जेणेकरून सगळ्या शाळा सारख्या व्हाव्यात. पुढे 2010 च्या सुमारास स्वायत्त खासगी हायस्कूले निघाली, त्यांचे शुल्क भरमसाट होते, म्हणून त्यांनी 20 टक्के जागा गरीब आणि अडचणीतल्या घरांतील मुलांसाठी राखाव्यात असा नियम आला. सामाजिक दृष्ट्या काळजी घ्यावयाचे विद्यार्थी, असे लांबलचक सरकारी नाव होते. त्याचे संक्षिप्त रूप साबेजा. काळजी दाखवण्यासाठी बनवलेला शब्द वर्गात शिवी होऊन बसला. नंतर सरकारने या प्रवेशाचे नाव बदलून ‘सामाजिक एकात्मता’ असे केले. आरटीईच्या 25 टक्के जागांतून खासगी शाळेत मूल घातलेल्या महाराष्ट्रातील पालकांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फी माफ होते. डब्याची, वाढदिवसाची, सहलीची तुलना माफ होत नाही.

2013 हे वर्षही लक्षात घेण्यासारखे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सेऊलमधल्या एका आंतरराष्ट्रीय माध्यमिक शाळेत, देशातल्या अव्वल उद्योगघराण्यातल्या एका मुलाला याच सवलतीच्या जागेतून प्रवेश मिळाल्याचे उघड झाले. आईवडिलांचा घटस्फोट झालेला, म्हणून तो एकल पालकाचा मुलगा, म्हणून पात्र. बराच गदारोळ झाला आणि काही महिन्यांत त्या मुलाने ती शाळा सोडली. मालिका आली तेव्हा साबेजा हा शब्द लोकांच्या तोंडी ताजा होता.

कथा आणि माणसे

चा उन-सांग ही हायस्कुलातली मुलगी. आई पाक ही-नाम बोलू शकत नाही. ती किम घराण्याच्या बंगल्यात घरकाम करते आणि तिथेच राहते. मोठी बहीण अमेरिकेत लग्न करते आहे अशा समजुतीने उन-सांग कॅलिफोर्नियात जाते, तर बहीण एका उपाहारगृहात टेबले पुसते आहे आणि घरी सांगितलेले सगळे खोटे आहे. तिथे तिला किम तान भेटतो. हा जेगुकच्या प्रमुखाचा धाकटा मुलगा; सावत्र भाऊ किम वॉन याने त्याला शिक्षणाच्या नावाखाली देशाबाहेर धाडलेले. दोघे कोरियात परततात आणि उन-सांग मायलेकी ज्या घरात मोलकरणीच्या खोलीत राहायला आल्या आहेत ते घर तानचे निघते. घराचा मालक, म्हणजे तानचा बाप, तिला जेगुक हायस्कुलात प्रवेशही देववतो. हे उपकार आहेत की हिशेब, हे मालिका उघड सांगत नाही, आणि ते योग्यच आहे.

तान हा विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला आहे. कागदोपत्री तो जोंग जी-सुकचा मुलगा. त्याची खरी आई हान गी-ए त्याच बंगल्यात राहते, पण बाहेरच्या जगात तिचे अस्तित्व नाही. तानची सगाई यू राहेल या कपड्यांच्या कंपनीच्या वारसदार मुलीशी ठरलेली. ती सगाई म्हणजे दोन कंपन्यांमधला करार. कोरियातील अशा घराणेशाही उद्योगसमूहांना ‘चेबोल’ म्हणतात. तिथे वारसा कराचा वरचा दर 50 टक्के असल्याने पिढी बदलताना मालकी हातून निसटण्याची धास्ती कायम असते आणि कुणाच्या नावावर किती समभाग हा जिव्हाळ्याचा विषय होतो. मालिकेचा उत्तरार्ध बराचसा या समभागांच्या खेचाखेचीत जातो. तो भाग लांबला आहे.

मालिकेतले सर्वांत जवळून रेखाटलेले नाते मात्र प्रेमिकांचे नाही. ते या दोन आयांचे आहे. गी-ए दिवसभर घरात, हातात वाइनचा पेला, बोलायला कुणी नाही. ही-नामला बोलता येत नाही, ती वहीत लिहून उत्तर देते. एक मालकीण, पण तिला घराबाहेर कुणाची पत्नी म्हणवून घेता येत नाही. दुसरी मोलकरीण, पण कागदोपत्रीही ती आपल्या मुलीची आईच आहे. गी-ए चिडते, टाकून बोलते, आणि मग पुन्हा तिच्याचपाशी येऊन बसते. किम सुंग-र्योंग आणि किम मी-ग्योंग या दोघींनी हे प्रसंग इतक्या मोकळेपणाने केले आहेत की पैशाने माणूस कसा एकटा पडतो हे समजायला दुसऱ्या कशाची गरज उरत नाही.

छळाचे चित्रण

शाळेतल्या छळाच्या केंद्रस्थानी छ्वे योंग-दो आहे. झ्यूस हॉटेलचा एकुलता वारस. मुन जुन-योंग नावाचा सवलतीतून आलेला मुलगा त्याचे सावज. धक्के मारणे, वस्तू फेकणे, सगळ्यांसमोर पाणउतारा करणे हे चालूच असते. पण खरी जागा भोजनगृह आहे. कुणी कुणाशेजारी बसायचे, कुणाच्या ताटाकडे सगळ्यांनी पाहायचे, कुणाला एकटे बसवायचे, हे योंग-दो ठरवतो. आपल्याकडे पंक्तिप्रपंच म्हणतात तो हाच. बाकीची मुले जेवत राहतात. शिक्षक दिसतच नाहीत. शेवटी जुन-योंग शाळा सोडून जातो आणि ती रिकामी झालेली जागा कुणाची, हे उन-सांगला पहिल्या दिवसापासून कळून चुकते.

तिला वाचवण्यासाठी तान सर्वांसमोर सांगून टाकतो की ही ‘जोल्बू’ आहे, म्हणजे अचानक पैसा मिळालेल्या घरातली, नवश्रीमंत. एका शब्दाने ती चौथ्या थरातून वर येते. पण यातली मेख अशी की तिला संरक्षण मिळते ते खोट्याचे. नियम तिच्या बाजूने नाही, शाळा तिच्या बाजूने नाही; एका श्रीमंत मुलाचा शब्द तेवढा आहे. त्यानंतर ती रोज पकडले जाण्याच्या भीतीत जगते : आईला रस्त्यात ओळख द्यायची की नाही, घरचा पत्ता काय सांगायचा, संध्याकाळच्या कामावर कुणी पाहिले तर काय. गरिबी लपवण्यात किती शक्ती खर्च होते हे मालिकेने फार नेमके टिपले आहे. लपवणारी ती एकटी नाही. तान आपली आई लपवतो. कांग ये-सोल नावाची मुलगी आपली आई काय व्यवसाय करते ते लपवते. ज्या शाळेत जन्मावरून किंमत ठरते तिथे प्रत्येकाच्या घरात झाकून ठेवण्याजोगे काहीतरी निघतेच.

योंग-दो असा का, याचेही उत्तर मालिका देते. बाप त्याला ज्यूदोच्या गादीवर आपटतो, इतरांसमोर थोबाडीत मारतो. आई घर सोडून गेली आहे. तान आणि तो पूर्वीचे जिवलग मित्र, आणि त्या काळात इतरांना छळण्यात तानही त्याच्या जोडीला होता. किम वू-बिनने हा मुलगा असा उभा केला की मालिका संपेपर्यंत अर्धे प्रेक्षक त्याच्या बाजूचे झाले. तो उन-सांगवर प्रेम करू लागतो, हळूहळू बदलतो, त्याच्या एकटेपणावर कॅमेरा रेंगाळतो. मालिकेची मोठी खोट इथेच आहे. छळणाऱ्याचे दुःख आपल्याला भाग न् भाग दाखवले जाते. ज्याचा छळ झाला त्या जुन-योंगचे घर, त्याची नवी शाळा, त्याच्या रात्री जवळजवळ दिसतच नाहीत. तो कथेतून तसाच बाहेर जातो जसा शाळेतून गेला.

पार्श्वभूमी आणि नंतरचा काळ

श्रीमंत मुलांची शाळा, तिथे चुकून शिरलेली गरीब मुलगी आणि टोळी करून छळणारे वारसदार हा साचा कोरियन वाहिन्यांवर 2009 च्या ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ने रुजवला. मूळ कथा जपानी चित्रकथा-मालिकेची. तिथे लॉकरमध्ये लाल कार्ड चिकटवले की त्या मुलावर सगळी शाळा तुटून पडते. त्यातला नायकही ली मिन-होच होता. ‘द एअर्स’ने तोच साचा घेतला, पण लाल कार्डाऐवजी थरांची रचना आणली आणि छळ हा एखाद्याच्या लहरीचा नसून व्यवस्थेचा भाग आहे असे दाखवले. हा बदल मोलाचा आहे.

कोरियात शाळेतील हिंसेला ‘हाकपोक’ म्हणतात. त्याविरुद्धचा कायदा 2004 मध्ये आला. डिसेंबर 2011 मध्ये देगू शहरात एका माध्यमिक शाळेतल्या मुलाने सहाध्यायांच्या छळाला कंटाळून जीव दिला आणि देश हादरला. 2012 पासून अशा कृत्यांची नोंद विद्यार्थ्याच्या शालेय नोंदपत्रात होऊ लागली. त्याच्या पुढच्याच वर्षी योंग-दोसारखा मुलगा लोकांचा लाडका झाला, हे आज विचित्र वाटते.

ते लेखिकेलाही जाणवले असावे, असे तिच्या पुढच्या लेखनावरून वाटते. नऊ वर्षांनी, 30 डिसेंबर 2022 रोजी नेटफ्लिक्सवर किम उन-सुकच्याच ‘द ग्लोरी’चा पहिला भागसंच आला, दुसरा 10 मार्च 2023 रोजी. इथे छळणारी मुले पुन्हा श्रीमंत, छळ होणारी मुन दोंग-उन पुन्हा गरीब. केस कुरळे करण्याच्या तापलेल्या यंत्राने तिच्या अंगावर डाग दिले जातात. 2006 साली छोंग्जू शहरातील एका शाळेत असा प्रकार खरोखर घडला होता. मात्र या वेळी कॅमेरा जुन-योंगच्या बाजूला उभा आहे. छळणाऱ्यांना दुखरे बालपण नाही, प्रेमकथा नाही, माफी नाही. दोंग-उन मोठी होते, शिक्षिका होते आणि आपल्याला छळणारीच्या मुलीच्या वर्गावर रुजू होते.

या दोन भागसंचांच्या मधल्या काळातच, फेब्रुवारी 2023 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या प्रमुखपदी नेमलेल्या एका माजी सरकारी वकिलाला दुसऱ्याच दिवशी माघार घ्यावी लागली. त्यांच्या मुलाने एका नामांकित निवासी शाळेत सहाध्यायाला छळले होते, आणि त्याची शाळा बदलण्याचा आदेश टाळण्यासाठी वडिलांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली होती. एप्रिलमध्ये सरकारने अशी गंभीर नोंद 2 ऐवजी 4 वर्षे ठेवण्याचे आणि 2026 च्या विद्यापीठ प्रवेशांपासून ती सर्वत्र विचारात घेण्याचे जाहीर केले.

‘द ग्लोरी’ कशी सुचली हे किम उन-सुकने जाहीरपणे सांगितले आहे. तिच्या किशोरवयीन मुलीने तिला विचारले होते : मी कुणाला मरेस्तोवर मारले तर तुला जास्त त्रास होईल, की मला कुणी मरेस्तोवर मारले तर? लिहून झाल्यावर तिला उत्तर सापडले ते असे, की मुलगी मार खाऊन आलेली परवडेल. कारण मारणाऱ्यांना नरकाच्या टोकापर्यंत फरपटत नेण्याइतका पैसा आपल्यापाशी आहे. जगातल्या दोंग-उनांच्या घरी तो नसतो, असे तिने पुढे म्हटले.