मधुमेहातील लिंगशैथिल्य : रक्तवाहिन्यांशी निगडित कारणे

मधुमेही पुरुषाला संभोगापुरती ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, आणि त्यामागे लिंगाचा रक्तपुरवठा बिघडलेला असणे, म्हणजे रक्तवाहिन्यांशी निगडित लिंगशैथिल्य. नाशिकच्या दवाखान्यांत ही तक्रार सरळ क्वचितच सांगितली जाते. सातपूर-अंबडच्या कारखान्यातला कामगार ‘शुगरमुळे अशक्तपणा आलाय’ एवढेच म्हणतो. खरा प्रश्न केसपेपरची घडी घालून उठताना, दारापाशी विचारतो.

उत्तेजना मिळताच मज्जातंतूंची टोके आणि धमन्यांचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्यामुळे सीजीएमपी हे रसायन वाढते, लिंगाच्या स्पंजासारख्या ऊतीतले स्नायू सैलावतात, रक्त भराभर आत येते आणि फुगलेल्या ऊतीखाली शिरा दाबल्या जाऊन ते आतच अडते. रक्तवाहिन्यांतील नायट्रिक ऑक्साइडची ही भूमिका शोधणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो व म्युराड यांना १९९८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पहिला मार या अस्तरावर बसतो. नायट्रिक ऑक्साइड कमी तयार होतो, आणि जो होतो तोही ऑक्सिजनच्या विघातक संयुगांमुळे लवकर नष्ट होतो. साखर प्रथिनांना चिकटून भिंती कडक होतात. धमन्यांचे आकुंचन घडवणारे एंडोथेलिन हे रसायन वाढते. जोडीला वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू असली की धमन्यांत मेदाचे थर साचतात. स्पंजासारखी ऊतीही तंतुमय होते, मग शिरा नीट दाबल्या जात नाहीत आणि आलेले रक्त निसटते. मज्जातंतूंची इजा व कमी टेस्टोस्टेरॉन यांचाही बहुधा हातभार असतोच.

लिंगाच्या धमन्यांचा व्यास जेमतेम १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४. सारखाच थर बसला तरी बारीक धमनी आधी अडते. म्हणूनच ही तक्रार छातीतल्या दुखण्याच्या काही वर्षे आधी दिसू शकते, आणि ती ऐकणाऱ्या डॉक्टरांनी ईसीजी, रक्तदाब व लिपिड (रक्तातले मेद) तपासल्याशिवाय रुग्णाला नुसती गोळी देऊन पाठवू नये.

निदानासाठी लिंगात औषधाचे इंजेक्शन देऊन कलर डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करतात. रक्ताचा कमाल वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर धमनीतून पुरवठा अपुरा पडतो, असे मानतात. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे व रोज चालणे हा उपचाराचा पाया. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या गोळ्या सीजीएमपीचे विघटन रोखतात. मात्र मधुमेहात त्यांचा गुण इतरांपेक्षा कमी येतो. त्या लागू पडल्या नाहीत तर इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप किंवा शस्त्रक्रियेने बसवलेले रोपण असे मार्ग उरतात.

रेल्वेच्या डब्यांत चिकटवलेल्या ‘मर्दानी ताकद’च्या जाहिरातींतली औषधे मधुमेह्याने घेऊच नयेत. अशा ‘जडीबुटी’च्या काही उत्पादनांत छुपे सिल्डेनाफिल सापडलेले आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ही नायट्रेट गटातली गोळी ठेवणाऱ्या माणसाचा रक्तदाब त्याने जिवावर बेतेल इतका कोसळतो. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देत नाहीत. त्यामुळे अशी पुडी घेतली असेल तर इमर्जन्सीत पोचताच ती डॉक्टरांना सांगावी लागते.