एका प्रेमकथेचे दोन शेवट

मामासाठी नवरी आणायला गेलेला भाचा, परतीच्या जहाजात दोघांनी चुकून प्यायलेलं प्रेमाचं पेय, आणि मग जन्मभर लपवाछपवी. ट्रिस्टन आणि इसोल्डची ही गोष्ट बाराव्या शतकात थॉमस नावाच्या कवीने काव्यात बांधली. इंग्लंडच्या नॉर्मन दरबारात चालणाऱ्या फ्रेंचमध्ये. ते काव्य आज सलग मिळत नाही, विखुरलेले तुकडे तेवढे हाती आहेत. तरीही थॉमसने गोष्ट कशी सांगितली होती हे आपल्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळतं, ते नॉर्वेमुळे.

नॉर्वेचा राजा होकोन होकोनसन १२१७ साली गादीवर आला तेव्हा तेरा वर्षांचा होता. देशात गादीवरून पिढ्यान्‌पिढ्या यादवी चाललेली. इंग्लंडशी मात्र त्याचे चांगले संबंध होते, आणि आपला दरबारही तसाच सुसंस्कृत व्हावा, सरदारांनी तलवारीइतकंच बोलणं-वागणं शिकावं, अशी त्याची इच्छा दिसते. १२२६ साली त्याच्या आज्ञेवरून ब्रदर रॉबर्ट या धर्मबंधूने ट्रिस्टनची कथा नॉर्स भाषेत, म्हणजे तेव्हाच्या नॉर्वे-आइसलँडच्या भाषेत आणली. साल, राजाचं नाव आणि ‘यथाशक्ती लिहिलं’ अशी रॉबर्टची नम्र नोंद, हे सारं कथेच्या सुरुवातीलाच आहे. पुढे फ्रेंच वीरकथांची रांगच लागली: आयव्हन, पर्सिव्हल, शार्लमेन. या प्रकाराला ‘रिद्दरसोगुर’ म्हणतात, म्हणजे शिलेदारांच्या गाथा.

रॉबर्टने पद्याचं गद्य केलं. उत्तरेत गाथा गद्यातच सांगायची रीत होती. थॉमसची पात्रं पानंच्या पानं मनाशी बोलतात, रॉबर्टने ती स्वगतं छाटली. काही अभ्यासकांना हे नुकसान वाटतं. मला वाटत नाही. बोलणं कमी झाल्यामुळे घडलेलं जास्त लागतं. शेवटच बघा. जखमी ट्रिस्टन इसोल्डच्या जहाजाची वाट बघतोय, शीड काळं दिसलं तर ती आली नाही असं ठरलेलं. त्याची लग्नाची बायको मत्सराने खोटं सांगते की शीड काळं आहे, आणि तो प्राण सोडतो. इसोल्ड पोचते, त्याच्याशेजारी मरते. मेल्यावरही दोघं जवळ येऊ नयेत म्हणून ती बायको त्यांना चर्चच्या दोन बाजूंना पुरायला लावते. पण दोन्ही थडग्यांतून झाडं उगवतात, इतकी उंच, की चर्चच्या आढ्यावर त्यांच्या फांद्या एकमेकींत गुंततात.

रॉबर्टची मूळ प्रतही राहिली नाही. गोष्ट जगली आइसलँडमध्ये, लोकांनी हाताने उतरवून काढली म्हणून. पूर्ण प्रत सतराव्या शतकातल्या कागदावर मिळते. मुख्यतः तिच्या आधाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ बेदिए या फ्रेंच पंडिताने थॉमसच्या काव्याची रचना पुन्हा उभी केली. फ्रेंचांना आपली गोष्ट आइसलँडच्या वह्यांतून परत मिळाली! आइसलँडच्या लोकांनी तिच्यावर गाणंही रचलं. त्याचं ध्रुपद साधारण असं: त्यांच्या नशिबी ताटातूटच लिहिलेली.

स्लाव प्रदेशात ही गोष्ट दुसऱ्याच वाटेने गेली. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रदेशात, चौदाव्या शतकात ती जर्मन काव्यांवरून चेकमध्ये आली. पण मला जास्त ओढ आहे ती पोलंडमधल्या पोझनानच्या हस्तलिखिताची. साधारण १५८०च्या सुमाराचं हे बाड लिथुआनियाच्या संस्थानातलं, भाषा जुनी बेलारुसी. ट्रिस्टनची एक वेगळी फ्रेंच गद्यकथा इटलीत गेली, तिथून एड्रियाटिक समुद्र ओलांडून सर्बियात, आणि सर्बियातून इतक्या उत्तरेला. सर्बियन प्रत हरवली आहे. ती होती हे कळतं ते याच बाडाच्या पहिल्या ओळीवरून: सर्बियन पुस्तकांतल्या वीरांची ही कथा, विशेषतः नामवंत त्रिश्चानची, अन्त्सालोतची आणि बोव्हाची. अन्त्सालोत म्हणजे राजा आर्थरचा शिलेदार लान्सेलॉट. इसोल्ड इथे इझोता होते.

यातला बोव्हा मूळचा इंग्लंडच्या साउथॅम्प्टनचा बेव्हिस. त्याची गाथा नॉर्समध्येही आहे, पण त्याचं खरं भाग्य उघडलं रशियात. तिथे तो राजपुत्र बोव्हा झाला आणि जत्रेत विकल्या जाणाऱ्या स्वस्त चित्रपुस्तिकांतून घरोघरी पोचला. इटालियन कथेत त्याला अर्धा माणूस अर्धा कुत्रा असा पुलिकाने भेटतो. रशियनमध्ये त्याचा पोल्कान झाला. ‘पोल’ म्हणजे अर्धा, ‘कोन’ म्हणजे घोडा. कानाला तसं ऐकू आलं, आणि चित्रकारांनी कुत्र्याचा घोडा केला. भाषांतरात असं काही निसटून नवं जन्माला येतं तेव्हा मला फार आनंद होतो.

त्रिश्चानच्या कथेत काळं शीड नाही, झाडंही नाहीत. तो घायाळ होऊन पडतो, इझोता येऊन त्याच्यावर उपचार करते. आणि लिहिणारा सांगतो: त्या जखमांतून तो बरा झाला की मेला, मला माहीत नाही. त्याच्याबद्दल एवढंच लिहिलेलं आहे.