शेतकरी गटात हात मोजायचे की एकर?

सावड, इर्जिक, वारंगुळा या एकमेकांच्या रानात मिळून राबायच्या जुन्या रीती गावाकडच्या वाचकाला समजावून सांगायला नकोत. त्यांत हिशेब हातांचा होता. तुझी दोन माणसं माझ्या रानात आली, तर माझी दोन तुझ्या रानात. घरातलं मिसरूड फुटलेलं पोरगं आलं तरी पुरा गडी धरला जाई. सातबारा उताऱ्यावर नाव कोणाचं, हे कोणी विचारत नसे. ट्रॅक्टर आले, बैलजोड्या दावणीतून गेल्या, आणि इर्जिक तिच्या जेवणावळीसकट बसली.

सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा. पुढे सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्यावर ठरू लागलं आणि उतारा माणसाच्या पुढे गेला.

खरा गुंता मात्र २००३ पासूनचा. त्या वर्षी शेतकरी उत्पादक कंपनीची, म्हणजे शेतकऱ्यांनीच सभासद होऊन चालवायच्या कंपनीची, तरतूद लागू झाली. सभासद व्हायला ‘उत्पादक’ असावं लागतं, आणि कायद्यात उत्पादक म्हणजे प्राथमिक उत्पादनाशी निगडित काम करणारी कोणीही व्यक्ती. जमीन नावावर हवी, असं त्या व्याख्येत कुठेच नाही. तरीही नोंदणीच्या वेळी कागद मागितला जातो तो शेतकरी असल्याच्या दाखल्याचा, म्हणजे फिरून सातबाराच. ही अट नसेल तर व्यापारी आणि अनुदानापुरते सभासद घुसतील, असं तिच्या बाजूने सांगतात. भीती खोटी नाही. पण तिची किंमत भरतो तो बापाच्या रानात रोज राबणारा मुलगा, आणि त्याच्याहून जास्त सून. कंपनीत शेअर कितीही असोत, माणशी मत एकच. पण मताला आधी सभासद तर व्हावं लागतं!

२०१७ साली राज्याने गटशेतीची योजना आणली, तिचं मापही एकरांतच होतं: किमान वीस शेतकरी, शंभर एकर. १९७०-७१ मध्ये राज्यात सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६ मध्ये १.३४ उरलं. एवढ्याशा तुकड्यांचे शंभर एकर जुळवायचे तर आधी भाऊबंदकी मिटवावी लागते, आणि बांधावरची भांडणं अनुदानाने मिटत नाहीत.

२०१९ च्या पीएम किसान सन्मान निधीने कोडं आणखी घट्ट केलं. १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असेल तोच पात्र. पुढची पाच वर्षं फेरफार झाला तरी धरायचा नाही, अपवाद फक्त वारसाचा. थोडक्यात, बापाने जितेपणी वाटणी करून दिली तर पोरगा अपात्र, बाप गेल्यावर पात्र. २०२५ पासून योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तोही उताऱ्याशीच जोडलेला.

त्यामुळे गटाची बैठक भरते तेव्हा खतांचे भाव, फवारणीचं वेळापत्रक, मालाचे फोटो हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो मुलगा, आणि ठरावावर सही करायला रानातून बोलावून आणतात वडिलांना.